वनमालाबाईंच्या वाट्याची भाकर

राज्य नवीन झालं, रायपूर त्याची राजधानी झालं, त्या हिवाळ्यात भोपाळहून तिथे सरकारी कपाटं आली, फायलींचे गठ्ठे आले आणि मागोमाग माणसं आली. बहुतेक जण एकटेच आले. बायका-पोरं तिकडेच राहिली, कारण शाळेचं वर्ष अर्ध्यावर होतं आणि इथे घरं मिळत नव्हती. शंकर नगरच्या मागच्या गल्ल्यांत ज्यांच्याकडे एखादी जास्तीची खोली होती, त्यांनी ती भाड्यानं दिली. वनमाला ठोंबरे यांच्या शेजारच्या घरात असाच एक अच्युत नावाचा कारकून राहायला आला. भोपाळात वाढलेला, पण मराठी.

एका रविवारी तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला. "काकू, हॉटेलचं खाऊन पोट पार बिघडलंय. तुमच्या घरातून वरणाच्या फोडणीचा वास आला की..."

"डबा आहे का तुझ्यापाशी?" वनमालाबाईंनी विचारलं.

डब्यांचं काम असं सुरू झालं. अच्युतनं ऑफिसात सांगितलं, मग त्याच्या टेबलाशेजारचा आला, मग वरच्या मजल्यावरचे दोघे. वर्ष सरायच्या आत त्यांच्या ओट्यावर डब्यांची रांग लागायला लागली. सकाळी एक खेप, संध्याकाळी एक. पोळ्या लाटायला त्यांनी कांताबाईला ठेवलं. कांताबाई धरसीवांकडच्या गावातून बसनं यायची, आणि तिच्या छत्तीसगढीला वनमालाबाई आपल्या वऱ्हाडी हिंदीत उत्तर द्यायच्या. दोघींचं छान चालायचं.

वनमालाबाईंचे यजमान अनंतराव रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते, निवृत्तीला आलेले. मुलगी मंजिरी लग्न होऊन वर्ध्याला गेली होती. मुलगा नीलेश डिप्लोमा करून सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात लागला होता. शिफ्ट संपवून यायचा तेव्हा कानाच्या पाळ्यासुद्धा काळ्या असायच्या. घरात बोलणं मराठीत चालायचं, नीलेशचं तेवढं हिंदीत.

पाच-सहा वर्षं असं चाललं. अनंतराव निवृत्त झाले. आणि मग वनमालाबाई थकायला लागल्या.

आधी कुणाला विशेष वाटलं नाही. एवढे डबे करणारी बाई थकणारच. त्या कणीक मळता मळता थांबायच्या, भिंतीला टेकायच्या, परत मळायच्या. दुपारी भांडी आवरली की ओट्याशीच स्टुलावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. पाणी किती प्यायच्या त्याला सुमार नव्हता. कांताबाई म्हणायची, "दीदी, तोला नजर लग गे हे." अनंतराव म्हणायचे, "ऊन लागलं असन." खुद्द वनमालाबाईंना वाटायचं, पन्नाशी आली, असंच होत असेल. त्यांच्या माहेरी सगळ्याच बायका पन्नाशीला अशा दिसायच्या.

मग एक दिवस कुकरचं झाकण हातातून सुटून पायावर पडलं. अंगठ्याशेजारी लहानशी जखम झाली. हळद लावली, मलम लावलं. पंधरवडा गेला, महिना गेला, जखम ओलीच. तेव्हा अनंतराव त्यांना पुरानी बस्तीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

डॉक्टर ऋता तरुण होत्या. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं, म्हणून मराठी पेशंट आला की त्या मराठीत बोलत. रक्त तपासून झालं होतं. कागद पाहून त्या म्हणाल्या, "काकू, शुगर आहे तुम्हाला. आणि नवीन नाही, बऱ्याच दिवसांची दिसतेय. काय खाता रोज?"

"जे उरते ते," वनमालाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांना वाटलं, बाई थट्टा करतायत. पण ते खरंच होतं. पोळ्या मोजून डब्यांत जायच्या. भाजीही पळीनं मोजून. नीलेशचा डबा, अनंतरावांचं ताट, आणि मग पातेल्याच्या तळाशी काय राहायचं? भात. भात कधी मोजून शिजवता येत नाही, तो उरतोच. तर दुपारी दोन-अडीचला वनमालाबाई पातेलंच पुढ्यात घ्यायच्या, त्यात वरणाचं भांडं खंगाळून ओतायच्या आणि उभ्या उभ्या खायच्या. रात्रीही तेच. पातेलं रिकामं होईपर्यंत खायच्या, कारण भात टाकवत नसे.

"पांढरा भात कमी करा," डॉक्टर म्हणाल्या. "बंद करा असं नाही म्हणत. एवढा." त्यांनी वाटीचा आकार दाखवला. "त्याच्या जागी ज्वारीची भाकर खा. कोदो खा, ते भरड धान्य इथे चांगलं मिळतं. पोळीचं पीठ चाळू नका, कोंडा राहू द्या. या धान्यांनी साखर एकदम चढत नाही, हळूहळू चढते. सोबत डाळ, पालेभाजी. आणि गोळी सांगितलेल्या वेळेला, तिच्यामागे जेवण. वेळेवर."

अनंतरावांनी मान डोलावली. ते मूळचे आर्वीकडचे, ज्वारीच्या मुलखातले. भाकर म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला होता.

त्याच संध्याकाळी ते गोलबाजारातून ज्वारी घेऊन आले. दळून आणली. वनमालाबाईंनी परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, आणि ओल्या पिठाचा वास वर आला तसा त्यांचा हात थांबला.

त्या सोळा वर्षांच्या असताना वऱ्हाडात मोठा दुष्काळ पडला होता. शेतात ज्वारी नव्हती, राशनवर मिळायची ती लाल मिलो, परदेशातून आलेली. तिची भाकर थापली जायची नाही. तव्यावर टाकली की तिचे तुकडे व्हायचे, आणि ते तुकडे घशाखाली ढकलायला मिरचीचं पाणी लागायचं. धाकटा भाऊ ताट पाहूनच रडायला लागायचा. अंबाडीची भाजी होती तोवर बरं होतं, मग तीही संपली. दोन वर्षांनी रायपूरचं स्थळ आलं तेव्हा लोक बापाला म्हणाले, एवढ्या दूर काहून देता पोट्टीले? बाप म्हणाला, "तिथं धान पिकते. माही पोट्टी रोज भात खाईन." सासरच्या पहिल्या पंगतीत पानावर पांढऱ्या भाताचा ढीग पडला तेव्हा वनमालाबाईंनी तो सगळा संपवला होता, आणि सासूबाई हसल्या होत्या. हे त्यांनी अनंतरावांना कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

आता तीस वर्षांनी डॉक्टर म्हणत होत्या, भात सोड, भाकर खा.

पहिल्या भाकरी मोडल्या. हाताची सवय गेली होती. तिसरी जरा बरी निघाली. अनंतराव पाटावर येऊन बसलेच होते. "वा," ते म्हणाले, "किती वर्षांनी!" त्यांनी ती खाल्ली, मग दुसरी मागितली. नीलेशनं वास घेऊन विचारलं, "ये क्या है?" आणि झुणक्यासोबत अर्धी खाऊन पाहिली. त्यालाही आवडली.

अच्युतपर्यंतही बातमी गेली. "काकू, मंगळवारी डब्यात भाकरी टाका ना. आमच्या सेक्शनचे दोघे-तिघे विचारतायत." वनमालाबाई नाही म्हणू शकल्या नाहीत. भाकर एकेकच होते, हातावर, आणि गरम तव्यापुढे. पोळ्यांचं काम कांताबाई करायची, पण भाकरीचं तिला जमत नव्हतं. म्हणजे ते वनमालाबाईंकडेच आलं. आधी पोळ्या, भाज्या, भात, वरण होतंच. त्यात आता भाकरी.

ज्वारी त्यांच्यासाठी आणली होती आणि ती घरात सगळे खात होते. त्या तव्यापुढून उठायच्या तेव्हा दुरडी रिकामी असायची. स्वतःसाठी परत पीठ भिजवायचं, परत तवा तापवायचा, एवढं त्राण कुणाच्या अंगात असतं? पातेल्यात भात होताच. त्या तोच खायच्या.

नीलेशनंही आपल्या परीनं केलं. पगार झाल्यावर तो एक मोठं पाकीट घेऊन आला, वर गव्हाच्या ओंब्यांचं चित्र. "आई, ये शुगर वालों के लिए है. मल्टीग्रेन बिस्किट." वनमालाबाईंनी चहासोबत दोन खाल्ली. गोड होती. पुढच्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना ते पाकीट दाखवलं, तर डॉक्टरांनी मागच्या बाजूचं वाचून मैदा आणि साखर कुठे लिहिलीय ते बोटानं दाखवलं. नीलेशला त्यांनी हे सांगितलं नाही. पोट्ट्यानं प्रेमानं आणलं होतं.

त्या खेपेचा रिपोर्ट वाईट आला. शुगर खाली यायच्या ऐवजी वर गेली होती.

"ज्वारी सुरू केली ना?" डॉक्टरांनी विचारलं.

शेजारी अनंतराव बसले होते. वनमालाबाई म्हणाल्या, "घरी रोज भाकर होते."

यात खोटं काहीच नव्हतं. बाहेर पेशंटांची गर्दी होती. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली आणि जेवणाची वेळ चुकवू नका असं पुन्हा बजावलं.

गोळी वाढली, जेवणाची वेळ तीच राहिली. सकाळी गोळी घ्यायची, चहा घ्यायचा, आणि डबे जाईपर्यंत पोटात काही नाही. चैत्रातल्या एका सकाळी वनमालाबाई डबे भरत होत्या. कपाळावर घाम आला, तो उन्हाळ्याचा असेल म्हणून त्यांनी पदरानं पुसला. मग हात कापायला लागले. पळीतली भाजी डब्यात न पडता ओट्यावर पडली. ओठ बधिर झाले. समोरचे डबे दुहेरी दिसायला लागले, आणि आपण कुणाचा डबा भरतोय तेच त्यांना कळेना.

"कांता," त्या म्हणाल्या, पण आवाज नीट निघाला नाही.

कांताबाईनं वळून पाहिलं तेव्हा त्या ओट्याला धरून खाली बसत होत्या. कांताबाईनं लाटणं टाकलं. "ए दाई! दीदी! का होगे?" कुणीतरी यावं म्हणून ती दारातून ओरडली. अच्युत सुट्टी असल्यानं आपला डबा न्यायला स्वतःच निघाला होता, तो धावत आत आला. त्याच्या वडिलांना शुगर होती, गोळीनं साखर फार उतरली की काय होतं ते त्यानं आधी पाहिलं होतं. "साखर कुठे आहे? पाण्यात घाला, लवकर." वनमालाबाईंना गिळता येतंय हे पाहून त्या दोघांनी साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. थोड्या वेळानं त्यांची नजर स्थिर झाली. अंगावरचं लुगडं घामानं भिजलं होतं.

"काकू, सकाळपासून काय खाल्लंय?" अच्युतनं विचारलं.

"चहा."

अच्युतनं मागे वळून पाहिलं. ओट्यावर त्याचा डबा अर्धवट भरलेला होता. त्यात भाकरी आधीच ठेवलेल्या होत्या.

दुपारी डॉक्टर ऋतांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं, आणि या वेळी अनंतरावांकडे पाहून.

"काका, घरात भाकर कोण खातं?"

"सगळेच खाते," अनंतराव म्हणाले. "मीच दोन खातो दोन्ही वेळा. मले तर आता पोळी जातच नाही. पोट हलकं राहते एकदम."

"आणि या?"

अनंतरावांनी बायकोकडे पाहिलं. दोन्ही वेळा आपण जेवतो तेव्हा ही तव्यापुढे असते, एवढं त्यांना आठवत होतं. ही जेवताना कशी दिसते, ते आठवत नव्हतं.

"ही नंतर जेवते," ते हळूच म्हणाले.

"नंतर काय जेवतात?"

मग वनमालाबाईच बोलल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. "डॉक्टर, मले भाकर नको असं नाही. पण डबे झाले की माह्यात जीव नाही राहत. परत तवा कोण ठेवते एकीसाठी? भात असते समोर, खाऊन घेतो न मोकळी होतो."

डॉक्टर ऋतांनी गोळी पुन्हा कमी केली. म्हणाल्या, "काकू, तुम्ही काय खाता ते मी सांगितलं. कधी खाता ते तुम्हालाच ठरवावं लागेल. उरलेल्यावर हा आजार चालत नाही."

घरी आल्यावर अनंतराव बराच वेळ अंगणात फिरत राहिले. मग आत येऊन म्हणाले, "उद्यापासून मी नाही खात भाकर. तूच खा."

"काहून?" वनमालाबाई पलंगावर पडल्या होत्या, त्यांनी डोळे उघडले नाहीत. "तुम्ही उपाशी राहून माही शुगर उतरते का? तुम्हीही खा. पण पहिल्या दोन माह्या. मी जेवीन, मग डबे भरीन, मग तुमचं ताट. उशीर होईन. चालन का?"

"चालन."

"आन संध्याकाळचे डबे मी बंद करून राहिली. माह्यानं होत नाही."

हे त्या कुणाशी भांडून बोलल्या नाहीत, मनाशी काही ठरवून ठेवलेलंही नव्हतं. त्या फक्त थकल्या होत्या, आणि बोलून झाल्यावर झोपल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन भाकरी आधी केल्या. गोळी घेतली. मग ताट वाढून घेतलं, भाकर, मेथीची भाजी, घट्ट वरण, आणि स्वयंपाकघरातच खाली बसल्या. कांताबाई पोळ्या लाटत होती. ओट्यावर रिकामे डबे उघडे पडले होते. वनमालाबाईंना ते बघवेना, म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. घास घशाखाली उतरायला वेळ लागत होता. डबा घेणारे वाट पाहतील, नीलेशची बस जाईल, आणि आपण इथे मांडी घालून जेवतोय.

"बने चबा के खा दीदी," कांताबाई पाठीमागून म्हणाली. "डब्बा मन भाग नइ जाय." डबे काही पळून जाणार नव्हते.

त्या दिवशी डबे उशिरा गेले. नीलेश डबा न घेताच निघाला, "कैंटीन में खा लूँगा" असं दारातून ओरडून. ऑफिसातल्या दोघांनी आठवड्याच्या आत डबा बंद केला. संध्याकाळचे बंद झाल्यावर आणखी काही जण दुसरीकडे गेले. घरात पैसा कमी यायला लागला आणि नीलेशला ते खटकलं. त्यानं एकदा बोलून दाखवलं. अनंतराव त्याला मराठीत इतकंच म्हणाले, "तुही आई आहे बाबू, मशीन नोहे." अच्युतनं मात्र डबा चालू ठेवला. संध्याकाळी तो खोलीवर खिचडी करून खायला लागला.

गाडी लगेच रुळावर आली असं नाही. कांताबाईनं गावाकडून कोदो आणून दिला. ती म्हणाली की लहानपणी घरी कोदो शिजला की पोरं रुसायची, गरिबाचं खाणं म्हणून, आणि आता शहरातले डॉक्टर तोच शोधत फिरतात. वनमालाबाईंना कोदो आवडला. भातासारखा शिजायचा, भातासारखा खाता यायचा. कुणीतरी सांगितलं, कोदोनं शुगर वाढतच नाही. मग त्या पूर्वी भात खायच्या तसा ताटभर कोदो खायला लागल्या, आणि पुढच्या रिपोर्टात आकडा जागचा हलला नाही.

"कोदोही धान्यच आहे काकू," डॉक्टर म्हणाल्या. "तोही वाटीनंच."

वनमालाबाई हसल्या. त्या दवाखान्यात त्या पहिल्यांदाच हसल्या असतील. "म्हणजे पोटभर काहीच नाही."

"भाजी पोटभर."

पायाची जखम पावसाळ्यानंतर भरली. दिवाळीला मंजिरी वर्ध्याहून आली तर आईला दुपारी पलंगावर झोपलेली पाहून घाबरली. आजारी आहे का, तिनं विचारलं. अनंतराव म्हणाले, "नाही व. आराम करून राहिली." मंजिरीला हे काही पटलं नाही, ती दोनदा आत जाऊन आईच्या कपाळाला हात लावून आली.

थकवा सगळा गेला नाही. सकाळचे डबे होतेच, वय होतं, आणि गुडघ्यांनी आता तक्रार सुरू केली होती. पण भिंतीला टेकायची पाळी येत नव्हती. रविवारी त्या वाटीभर पांढरा भात खायच्या, तुपासोबत, सावकाश. बाकीचे दिवस भाकर किंवा कोदो. कंटाळा यायचा. कंटाळा आला तरी खायच्या, औषध घ्यावं तसं.

हिवाळ्यात तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट आला. डॉक्टर ऋतांनी तो दोनदा पाहिला. "चांगला आहे. खूप चांगला नाही, पण चांगला. असंच चालू ठेवा."

"किती दिवस?" वनमालाबाईंनी विचारलं.

"आता कायमचंच काकू."

वनमालाबाईंनी सुस्कारा सोडला. "बरं," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलली.

परतीच्या वाटेवर रिक्षा अडकली. राजधानी झाल्यापासून हे रोजचंच होतं, रस्ता रुंद करायला खणून ठेवला होता आणि कुणा मोठ्या माणसाच्या गाड्या जायच्या म्हणून उरलेलाही थांबवला होता. धूळ आत येत होती. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. जेवणाची वेळ झाली होती.

वनमालाबाईंनी पिशवीतून फडकं काढलं, मांडीवर उघडलं. दोन भाकरी, मध्ये सुकी भाजी. त्यांनी एक तुकडा मोडला आणि खायला लागल्या.

अनंतराव थोडा वेळ बाहेर पाहत राहिले. मग त्यांची नजर फडक्यावर आली. "एक घास दे बरं इकडे," ते म्हणाले. "मलेही भूक लागली."

"तुमची घरी झाकून ठेवली आहे," वनमालाबाई म्हणाल्या आणि पुढचा तुकडा मोडला.

अनंतरावांनी मान हलवली आणि ते पुन्हा बाहेर पाहायला लागले. वनमालाबाईंनी दोन्ही भाकरी संपवल्या, धूळ वाचवत, घाई न करता. फडकं झटकून पिशवीत ठेवलं, तरी रस्ता अजून मोकळा झाला नव्हता.